मुक्या चुलीला विचारायचं असतं

१३ डिसेंबर, शनिवार. आष्टा.

आजचं काम: स्पिरिटच्या दोन चुली करणे. एक मला, एक शालनला. शालन संध्याकाळच्या एसटीनं जतहून येणार आणि उद्या पहाटे आम्ही दोघी कोयनेकडे निघणार. डोंगरावर चढायचं, चहा करायचा, उतरायचं. बेत एवढाच. पण हा बेत व्हायला तीस वर्षं लागली.

मागच्या दारी पाट टाकून बसले. समोर कोल्ड्रिंकचे चार रिकामे कॅन, जुनी कात्री, दाभण, पॉलिश पेपर आणि टवका उडालेलं एक मोजपात्र. मी हायस्कूलच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बाद झालेली काचेची भांडी शेवटी माझ्या घरी येतात. कॅन मात्र घाटातले. धरण बघायला येणारे लोक कठड्यावर बसून ते रिकामे करतात आणि खाली भिरकावतात. दिवाळीत गेले होते तेव्हा पिशवीभर गोळा करून आणले.

कृती सोपी आहे. कॅनचा तळ दोन बोटं उंची ठेवून कापायचा. असे दोन तळ. एकाच्या काठाला दाभणानं सोळा भोकं पाडायची आणि मध्ये एक मोठं भोक, ओतण्यासाठी. दुसऱ्याच्या कडेला बारीक चिरा द्यायच्या आणि दोन्ही तोंडाला तोंड लावून दाबायचे. करंड्यासारखी वस्तू होते, तळहातावर मावणारी. आत दोन झाकणं स्पिरिट ओतून काडी लावली की आधी मधलं भोक पेटतं, मग पत्रा तापतो आणि काठावर एकेक करून निळ्या कळ्या फुटतात. सोळाच्या सोळा. कितीदा बघितलं तरी मी हातातलं काम ठेवून बघते.

एक चूल झाली. दुसरीच्या वेळी पक्कड सापडेना, म्हणून आप्पांची ट्रंक उघडली. पक्कड मिळाली. तिच्याखाली फडक्यात गुंडाळलेली बूट पॉलिशची एक डबी मिळाली.

डबी उघडायच्या आधीच वास आला. इतक्या वर्षांनी पॉलिशचा वास राहील कसा, ते रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांना विचारावं लागेल. पण होता.

आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते. निवृत्त होईपर्यंत वर्षातून एकदा, थंडीत, सुट्टीवर यायचे. सुट्टीतही रोज सकाळी अंगणात बसून बूट चमकवायचे. आई म्हणायची, "आवं, इथं कोण बघतंय तुमचं बूट?" आप्पा म्हणायचे, "मी बघतोय की." डबी संपली की टाकायची नाही. सोड्याच्या गरम पाण्यात उकळून धुवायची. वातीच्या स्टोव्हच्या जुन्या वाती कापून त्यात गच्च बसवायच्या, वर चाळणीच्या जाळीची चकती. पातेली ठेवायला सायकलचे तीन आरे वाकवून तिवई. वाऱ्याला आडोसा म्हणून तेलाच्या डब्याचा पत्रा. झाली चूल. बर्फातल्या चौक्यांवर असताना ते आणि त्यांचे सोबती अशाच डब्यांवर चहा करायचे म्हणे.

आमच्याकडे ते दिवस हंगामाचे. साखर कारखान्याचा भोंगा तासातासाला ऐकू यायचा. वाळत घातलेल्या कपड्यांवर चिमणीची काळी भुकटी बसायची आणि वारा फिरला की मळीचा वास घरात यायचा. गोड, आंबूस, जरा डोकं धरणारा. पाहुण्यांना तो सोसायचा नाही. आम्हाला त्या वासानंच थंडी आल्यासारखं वाटायचं. आप्पांच्या बाटलीतलं स्पिरिट त्याच मळीपासून झालेलं. बाटलीवर त्यांनी स्वतः कागद चिकटवून कवटी काढली होती आणि खाली 'विष' लिहिलं होतं. ओतताना म्हणायचे, "ह्यो बी ऊसच हाय. फकस्त शिकून शाणा झालेला."

त्या चुलीचं नाव 'मुकी'. पंपाचा स्टोव्ह गर्जायचा, मातीची चूल फटफटायची, धूर सोडायची. ही काहीच करत नसे. आवाज नाही, धूर नाही, काजळी नाही. आणि उन्हात तर जाळही दिसत नाही. पेटलेली आहे की विझलेली, डोळ्यांना पत्ता लागत नाही. म्हणून आप्पांचा नियम होता. पुन्हा स्पिरिट ओतायच्या आधी गवताची वाळकी काडी जाळीच्या वर धरायची आणि मोठ्यानं विचारायचं, "हायस का?" काडीचं टोक वळलं, काळं पडलं तर ती आहे. तसंच राहिलं तर नाही. नाही म्हणाली तरी दहा मोजायचे आणि मगच ओतायचं.

"मुक्या माणसाला काय हवं-नको कसं कळतं?" आप्पा मला बजावायचे. "इचारायचं. बाकी कायबी इसर, ह्ये इसरू नगंस."

शालन माझ्या वर्गातली. आमच्याच गल्लीत तिचं घर. तिची मावशी कोयनानगरच्या वसाहतीत राहायची, म्हणून आमचं डोंगर चढणं सुरू झालं. कॉलेजची तीन वर्षं, दर थंडीत दोन-तीनदा. इस्लामपूर, कऱ्हाड, पाटण अशा एसट्या बदलत जायचं. खांद्याला आप्पांची खाकी पिशवी. तिच्यात पातेली, डबी, तिवई, चहा-साखरेच्या पुड्या आणि कवटीवाली बाटली.

एकदा पाटणच्या गाडीत कंडक्टरनं पिशवी हुंगली आणि बाटली बाहेर काढली.

"काय गं पोरींनो, काय हाय ह्यात?"

"स्पिरिट," मी म्हणाले.

"आन् ह्ये कुणी प्यायचं?"

"आम्ही न्हाई पीत," शालन म्हणाली. "चुलीला पाजतो."

सगळी गाडी हसली. कंडक्टर हसला नाही. त्यानं बाटली स्वतःच्या पेटीशेजारी ठेवली आणि कोयनानगरला उतरताना दोन बोटांत धरून, मेलेला उंदीर द्यावा तशी परत दिली.

मावशीच्या घरी रात्रभर फळीवरची भांडी मधूनच किणकिणायची. पहिल्यांदा मी उठून बसले. मावशी कूस न बदलता म्हणाली, "झोप गं. धरण हालतंय जरासं." तिथल्या लोकांना भूकंप शेजाऱ्यासारखा. सकाळी चहा पिताना कपात बारीक गोल वलयं उठायची, आम्ही थांबायचो, वलयं विरली की घोट घ्यायचो.

मग चढ. आधी करवंदीची जाळी, मग कुरणातलं पिवळं गवत, खांद्यापर्यंत. त्यातून जाताना कुसळं कपड्यांत शिरायची आणि गवताचा भाजक्या धान्यासारखा वास यायचा. शेवटी सगळं संपून सडा लागायचा. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. थंडीत वर काही उरत नाही, म्हणून तिथंच चूल लावायची. आग पसरायला काही नाही. पण विचारायला काडीही नाही. ती खालच्या गवतातूनच तोडून आणावी लागायची. एक काडी आणायची, दिवसभर पुरवायची.

सड्याच्या टोकावरून खाली धरणाचं पाणी दिसायचं, डोंगरांच्या पायांत घुसलेलं. पाणी उकळायला सात-आठ मिनिटं लागायची. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, असं काही ठरलेलं नव्हतं, पण आम्ही बोलायचो नाही. चूलही बोलायची नाही. चहात आल्याऐवजी गवती चहाचं पातं. साखर दुप्पट. त्या चहाची चव मला आजही आणता येत नाही, आणि मी प्रयत्न करणं सोडलेलं नाही.

शेवटच्या वर्षीच्या त्या सकाळी ऊन पांढरं होतं. पाणी तापत आलं आणि स्पिरिट संपलं. शालननं पातेली सांडशीत धरून बाजूला घेतली आणि धरणाकडे तोंड करून बसली. मी बाटलीचं बूच काढलं.

"इचारलंस का गं?" तिनं मागं न बघता विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

विचारलं नव्हतं. का नाही, याचं कारण मी कधी शोधलं नाही. शोधून सापडलं असतं तरी कामाचं नव्हतं. मी बाटली वाकडी केली. जाळ धारेवरून चढत वर आला तोही दिसला नाही. बाटली एकदम हलकी झाली, फुस्स झालं आणि मी ती फेकली, ती जिकडे जायला नको होती तिकडे. शालनच्या उजव्या हातावर. पुढचं मला वास म्हणून आठवतं. करपलेली लोकर, केस, आणि सगळ्यावर तो शहाणा झालेला ऊस.

पिशवीतलं पाणी तिच्या हातावर ओतत आम्ही उतरलो. ती सगळी वाट एकच वाक्य म्हणत होती, "आईला सांगू नगंस हां." पुढे मनगटापासून बोटांपर्यंत कातडी मेणासारखी गुळगुळीत झाली. करंगळी सरळ होईना.

घरी आप्पांनी एकच प्रश्न केला. "इचारलं हुतंस का?"

मी पुन्हा म्हणाले, "व्हय."

आप्पांनी डबी हातात घेऊन उलटीपालटी केली. "मग काडीनं फसवलं म्हणायचं," एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या डब्या ओळीनं दगडावर ठेवल्या आणि हातोड्यानं चपट्या केल्या. त्यांनी शिकवलेली एक चांगली गोष्ट माझ्या एका शब्दानं खोटी ठरली. मी दारात उभी राहून ते ठोकणं ऐकलं. तेव्हा बोलता आलं असतं.

वर्षभरानं शालनला बघायला जतचे पाहुणे आले. पोह्यांच्या बशा मी नेत होते. एका बाईनं तिचा हात धरून उलटा केला. "ह्ये काय भाजलंय?" शालन म्हणाली, "भाकरी करताना." बाई खूश झाल्या. "म्हंजी चुलीपुढं बसायची सवय हाय पोरीला." लग्न ठरलं. मी बशा गोळा केल्या.

ती जतला गेली, शाळेत शिक्षिका झाली, चांगला संसार केला. आम्ही तुटलो नाही. फोन होते, लग्नंकार्यं होती, तिच्याकडून दर वर्षी शाळूची ज्वारी यायची. पण डोंगराचा विषय आम्ही दोघींनीही काढला नाही. मी पुढे एकटीनं चढत राहिले. चुलीही पुन्हा करायला लागले, कॅनच्या. काडी कधी चुकवली नाही. घोडा पळून गेल्यावर मी तबेल्याचं दार रोज नीट लावते आहे, असं म्हणायला हरकत नाही.

गेल्या महिन्यात शालनचा फोन आला. "लेकीचं लगीन झालं. नोकरीचीबी थोडीच वर्सं ऱ्हायली. आता मला सड्यावर चहा प्यायचाय. तुझ्या मुकीवर."

मी म्हणाले, "गॅसची छोटी शेगडी मिळते हल्ली."

"बेडा," ती म्हणाली. नको असलं की ती आता कानडीतच नको म्हणते. "मुकीच पायजे. आन् मलाबी एक करून ठेव, जतला न्यायला."

होय म्हणाले. त्या दिवसापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. ती पुन्हा माझ्या भरवशावर त्या चुलीशेजारी बसणार. त्याआधी मला तो 'व्हय' मागे घ्यायला हवा. घेतल्यावर ती चहा पिईल की उतरायला लागेल, हे मला माहीत नाही.

तर आज सापडलेली ही डबी. आधी वाटलं, हातोड्यातून सुटलेली एखादी असेल. पण वरची जाळी बघितली. ती मी ओळखते. नोकरीला लागल्यावर मी आईला पिठाची नवी चाळणी आणली होती, बारीक पितळी जाळीची. ती फाटली तेव्हा शालनचं लग्न होऊन गेलं होतं. म्हणजे आप्पांनी ही डबी ठोकाठोकीनंतर दोन वर्षांनी तरी केली. वाती कोऱ्या. एकदाही न पेटवलेली. झाकणाच्या आत खिळ्यानं कोरलंय, ते बोलायचे तसंच: 'इचार'.

कशासाठी केली, कुणासाठी, ते कळेना. विचारायला आप्पा नाहीत. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. डबी मी पिशवीत ठेवली आणि दुसरी चूल पुरी केली. भोकं पंधराच पडली. चालेल.

शालन साडेपाचला आली. हातात पिशव्या, डोक्याला स्कार्फ. दारातच म्हणाली, "अय्यो, किती वाळलीस! डोंगर तुला खात्यात काय?" जेवताना तिनं तिकडच्या टँकरचं, मेंढरांचं, वर्गात अर्धी उत्तरं कानडीत देणाऱ्या पोरांचं सांगितलं. उजव्या हातानं भाकरी मोडत होती. करंगळी अजून तशीच, ताटाबाहेर. दोनदा मी तोंड उघडलं. एकदा भात वाढला, एकदा ताक.

१४ डिसेंबर, रविवार.

पहाटे पाचला निघालो. गाडी मीच चालवली. पाटणच्या पुढे उजाडलं. वाडीतल्या लोकांना सांगून त्यांच्या कुरणातून चढलो. शालन दर वळणाला थांबत होती, दम लागल्याचं कबूल करत नव्हती. "फुलं बघतीय," म्हणायची. डिसेंबरात तिथं फूल नसतं.

गवत संपायच्या ठिकाणी मी वाकून काडी तोडायला गेले. तिनं आधीच तोडली होती.

दहाच्या सुमारास सड्यावर बसलो. खाली पाणी होतं तसंच. मी पिशवीतून नव्या दोन चुली काढल्या आणि शेजारी आप्पांची डबी ठेवली. शालननं डबीच उचलली. तीत स्पिरिट ओतून पेटवली. जाळ दिसला नाही. पातेलीतलं पाणी गप्प बसून तापू लागलं.

वाती नव्या होत्या, स्पिरिट पिऊन बसल्या. पाणी सळसळायच्या आत स्पिरिट संपलंसं वाटलं. मी बाटली घेतली. शालननं सांडशीत पातेली धरून उचलली आणि धरणाकडे बघत म्हणाली, "इचारलंस का गं?"

"न्हाई," मी म्हणाले. "आणि त्या दिवशीबी न्हाई. तुला खोटं सांगितलं. आप्पांनाबी."

तिनं पातेली हळूच दगडावर ठेवली.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं माहीत? तुझी पाठ होती."

"काडी माझ्या दातात हुती की. एकच आणलेली, आन् ती मी चघळत बसलेले. तू काय बोटानं इचारणार हुतीस व्हय?"

मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"मलाबी चहाची घाई हुती. तू व्हय म्हणालीस, खोटं हाय ते कळलं, आन् मी गप बसले. मग निम्मं भाजलं तुझं, निम्मं माझं. हात काय वाटून घ्यायचा?" तिनं करंगळी माझ्यापुढे नाचवली. मग म्हणाली, "आप्पांना मात्र मी सांगितलं. माझ्या हळदीदिवशी. लय जीव तुटला त्यांचा माझा हात बघून, काडीला दोष देत हुते. म्हटलं, काका, काडीनं न्हाई फसवलं, काडी माझ्याकडं हुती."

"काय म्हणाले?"

"हासले. किती दिसांनी हासले असतील. म्हणाले, आता एक डबी करायला पायजे." तिनं झाकण उलटं केलं, कोरलेलं वाचलं, आणि अंगठा त्यावरून फिरवून माझ्या हातात दिलं.

सोळा वर्षं त्यांना माहीत होतं आणि सोळा वर्षं आम्ही एका घरात चहा प्यालो. त्यांनी तो शब्द चुलीसाठी कोरला की माझ्यासाठी, ते मी ठरवत बसले नाही. पाणी निवत होतं.

शालननं काडी पुढे केली. मी ती जाळीवर धरली आणि मोठ्यानं विचारलं, "हायस का?"

टोक तसंच राहिलं. तरी दहा मोजले. शालनही मोजत होती, कानडीत. मग मी स्पिरिट ओतलं, काडेपेटी ओढून पेटवलं, आणि पातेलीत दुप्पट साखर टाकली.